हिरव्या लोकरीची टोपी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. केतकीला, माझ्या मुलीला, तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि रडत वगैरे सांगणार नाही, आधीच सांगून ठेवते.

माझ्या सासूबाई — आम्ही त्यांना आईच म्हणायचो — चारकोपच्या आमच्या दीड खोलीत शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिल्या. मोठे दीर दिल्लीला. त्यांचा ओंकार आईंचा पहिला नातू. दरवर्षी दिवाळीआधी दिल्लीला पार्सल जायचं: स्वेटर, कानटोपी, मोजे, सगळं आईंच्या हातचं. हात असा की टाका मोजायची गरज नाही, तोंडाने गजाली चालू आणि सुया आपल्या पळताहेत. मलाही विणायला त्यांनीच शिकवलं. ते नाकारत नाही.

पण केतकीला? तिच्या अंगावर त्यांच्या सुईचा एक टाका कधी चढला नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: “मुंबयत खंयची इली थंडी गो?” खरंच होतं ते. मुंबईत कसली थंडी! पण पोर त्यांच्या कुशीत झोपायची, त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायची. एखादी निरुपयोगी टोपी मिळाली असती तर काय बिघडलं असतं?

केतकी नववीत असताना शाळेची सहल मनालीला निघाली. झाली ना आता थंडीची सोय! मी आईंना म्हटलं, आता तरी एक टोपी आणि हातमोजे विणा. त्या वेळी दिरांनी काश्मीरहून आणलेली हिरवी लोकर त्यांच्या हातात होती. इतकी मऊ की गालाला लावून बसावंसं वाटे. ओंकारसाठी मफलर चालला होता, अर्धा झालाही होता. आई मान वर न करता म्हणाल्या, “उरली तर बघू.”

उरली तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खालच्या मजल्यावर भजनाला गेल्या आणि मी त्यांच्या ट्रंकेतून तो मफलर आणि उरलेली लोकर काढली. मफलरचा धागा ओढला. तुम्ही कधी विणलेलं उसवलंय? महिनाभराचं काम दहा मिनिटांत सुटतं — आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. वाकडातिकडा झालेला धागा कोमट पाण्यातून काढला, शेजारच्या मैत्रिणीच्या गॅलरीत वाळत घातला. तिच्याच घरी बसून आठवड्यात टोपी आणि हातमोजे विणले.

इथवर चोरीच. इथवरचं मला काही वाटत नाही, आजही नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उसवीन.

पुढचं सांगायचं म्हणून तर बसलेय ना.

आईंनी मफलर शोधला. ट्रंक उपसली, पलंगाखाली वाकून पाहिलं. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “मफलर अर्धो झाल्लो मां गो?”

त्या वर्षी त्यांना थोडंथोडं विसरायला व्हायचं. एकदा दूध उतू गेलं होतं, एकदा चुकून वरच्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याच दाराची बेल वाजवली होती. त्यांच्या मोठ्या बहिणीचं डोकं म्हातारपणी पार गेलं होतं, पोटच्या पोरांना ओळखत नव्हती. आईंना जगात भीती होती ती त्या एकाच गोष्टीची. मला ते माहीत होतं. नीट माहीत होतं.

मी म्हटलं, “आई, तुम्ही मफलर विणायला घेतलाच कुठे? नुसतं घेते घेते म्हणत होतात. लोकर तर मागेच शेजारी देऊन टाकलीत.”

त्या हाताची बोटं उलटीसुलटी करून बघत राहिल्या.

सहलीच्या सकाळी केतकी टोपी घालून त्यांच्यासमोर नाचली. “आजी, बघ, आईने विणली!” आईंनी टोपीची कड चिमटीत धरली. बराच वेळ चोळली. बोटांना कळलं होतं हो त्यांच्या, मी बघत होते. “लोकर बरी आसा गो. खंयसून हाडलंस?”

“बोरिवलीहून,” मी म्हटलं.

आणि त्यांनी मान डोलावली. स्वतःच्या बोटांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

केतकी टोपी तिथल्या बसमध्येच विसरून आली. यंदा मफलर नाही म्हटल्यावर दिल्लीच्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या, “राहू दे हो, इथे सगळं विकत मिळतं.” म्हणजे ती लोकर कुणालाच तितकी हवी नव्हती, बघा.

आईंनी पुन्हा सुया धरल्या नाहीत. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाचं आहे, विशेष काही नाही. पण आईंना पटेना. त्या डॉक्टरांनाही मफलरचीच गोष्ट सांगायच्या — न विणलेला मफलर मला विणल्यासारखा आठवतो, डॉक्टर. गोळी घेतली का, जेवण झालं का, सगळं मला विचारून. चार वर्षं. त्या चार वर्षांतल्या कुठल्याही दिवशी मला एक वाक्य बोलता आलं असतं. मी बोलले नाही. आधी रागाने, मग लाजेने, मग सवयीने.

केतकीला त्यांनी का डावललं, हे मी त्यांच्या फोटोलाही विचारते. पण त्याचा या चार वर्षांशी संबंध लावू नका. मीही लावत नाही.

शेवटच्या आजारपणात गावाहून त्यांची भाची भेटायला आली होती. मी पलंगाजवळ उभी राहून पेज गार करत होते. आईंनी माझं मनगट धरलं आणि तिला म्हणाल्या, “माका काय आठवणा नाय. हिका सगळा आठवता.”

मी चमचा त्यांच्या तोंडाशी नेला.