रॉयल रिपब्लिकचे खोबरेल

गंगाराम नारकर आगबोटीतून रत्नागिरीच्या बंदरात उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन जुने टाइपरायटर, एक टाय आणि मुंबईच्या फोर्टातल्या कंपनीत सात वर्षे काढल्याचा लौकिक, एवढे सामान होते. कंपनीत ते काय करत, हे कोणी विचारले नाही आणि नारकरांनी आपण होऊन सांगितले नाही. ते पाकिटांना तिकिटे चिकटवत. टायपिस्टांची खोली मात्र त्यांच्या टेबलासमोरच होती, आणि एखादी गोष्ट सात वर्षे समोर बसून पाहिली की ती आपल्याला येते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. अशा समजुतीवर याहून मोठमोठ्या संस्था चालल्या आहेत; नारकरांनी लहान काढली एवढाच त्यांचा विनय.

१९४९ साली मांडवीच्या रस्त्यावर, दोरखंडाच्या दुकानावरच्या माडीला 'रॉयल कमर्शियल इन्स्टिट्यूट' अशी पाटी लागली. पुढच्या जानेवारीत देश प्रजासत्ताक झाला. नारकरांनी आठवडाभर विचार केला आणि पाटीवर मोकळ्या राहिलेल्या जागेत 'रिपब्लिक' हा शब्द भरून घेतला. 'रॉयल' पुसावे असे काही त्यांना वाटले नाही. राजा गेला म्हणून आपण आपली इज्जत का कमी करून घ्यावी? तेव्हापासून संस्थेचे नाव 'रॉयल रिपब्लिक' झाले. असले राज्य पृथ्वीवर दुसरीकडे कुठे नसावे.

शिकवण्याची पद्धत साधी होती. भिंतीवर बोटांचा तक्ता होता. विद्यार्थ्याने तक्त्याकडे बघायचे, नारकरांनी विद्यार्थ्याकडे बघायचे आणि अधूनमधून पट्टीने टेबलावर ताल धरून "लय सांभाळा" म्हणायचे. स्वतः मशीनवर बसून दाखवा, असे कोणी म्हटले तर ते हसत. "पोहायला शिकवणारा कधी भिजतो का रे?" असे विचारत. संस्थेच्या सूचना ते दार लावून घेऊन एका बोटाने टाइप करत. सहा ओळींच्या सूचनेला दुपार पुरत नसे.

एक विद्या मात्र त्यांची स्वतःची होती. मांडवीचा खारा वारा लोखंड खातो. त्यावर नारकरांचा उपाय म्हणजे घरच्या माडांचे घाण्यावर काढलेले खोबरेल. रोज संध्याकाळी ते मशीनच्या फटीफटीतून तेल सोडत आणि उरलेले डोक्याला चोपडत. कान दुखला, दार करकरले, मूल रडले, सगळ्याला तीच बाटली. मार्गशीर्षात सकाळच्या वेळी मशीनच्या कळा जड जात. त्याचेही कारण त्यांना ठाऊक होते. मशीन माणसासारखेच असते, त्याला कोवळे ऊन लागते. म्हणून थंडीच्या दिवसांत रॉयल रिपब्लिकचे वर्ग नऊनंतर भरत आणि तोवर दोन्ही टाइपरायटर खिडकीत उन्हाला बसवलेले असत, बाळंतिणीसारखे.

संस्थेला सरकारी मान्यता मिळाल्यापासून वाचनालयाच्या सभेत नारकरांना खुर्ची मिळू लागली होती. त्याआधी ते मागच्या बाकावर बसत. बाक आणि खुर्ची यांतले अंतर चार पावलांचे; पण ते चालायला त्यांना चव्वेचाळीस वर्षे लागली होती. आणि आता शिक्षण खात्याचे पत्र आले होते. दोन वर्षांत एकही उमेदवार उत्तीर्ण नाही. या डिसेंबरात निदान एक झाला नाही, तर मान्यता काढून घेण्यात येईल.

उमेदवार दोनच होते. मालन वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, विधवा आईची एकुलती एक. ट्रेझरीत टायपिस्टची जागा तिच्यासाठी निकालापर्यंत थांबवून ठेवली होती. दुसरा मिरकरवाड्याचा जमाल. त्याच्या अंगाला मासळीचा वास येतो, असे नारकर म्हणत. खोबरेलाचा वास येणाऱ्या माणसाने हे म्हणावे, याचे जमालला फारसे काही वाटत नसे. नारकरांनी धडधाकट मशीन मालनला दिले आणि खटारा जमालला. त्याला त्यांनी मनातून कधीच नापास करून टाकले होते.

परीक्षा कोल्हापुरात होती आणि मशीन ज्याचे त्याने न्यायचे होते. निघायच्या आदल्या दिवशी नारकर दुप्पट तेल सोडत असताना जमाल म्हणाला, "मास्तर, तिकडं थंडी असते. ह्या तेल थिजेल."

"प्रिन्सिपल म्हण."

"प्रिन्सिपल, थिजेल. माझा मामू बोटीवर तेलवाला हाय. इंजिनाला खोबरेल घातलंन तर कप्तान त्याला दर्यात टाकील."

"मामूला सांग, ही आगबोट नव्हे. हे बुद्धीचं यंत्र आहे."

"बाटलीत रोज सकाळी थिजतं ते दिसतं की, मास्तर," मालन म्हणाली. "काडीनं उकरून तर तुम्ही डोक्याला लावता."

"ते बाटलीतलं, बाय. यंत्रात पडलं की ते यंत्राचं झालं."

एवढे शास्त्र सांगून त्यांनी उरलेले तेल डोक्याला चोपडले.

एस.टी.तून घाट चढताना खटारा जमालच्या मांडीवर होता. चांगले मशीन नारकरांनी स्वतःच्या शालीत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतले होते. कोल्हापूरच्या धर्मशाळेत पहाटे उठल्यावर दात वाजू लागले. जमालने रखवालदाराकडून वाटीभर रॉकेल मागून आणले, खटारा ओट्यावर ठेवला आणि चिंधीने अक्षरांची एकेक दांडी धुऊन काढली. रॉकेलात खोबरेलाचे पांढरे गोळे सुटून आले.

"मालन, आण तुझं पण. अजून वेळ हाय," तो म्हणाला.

मालन नारकरांकडे गेली. "मास्तर, द्या ते."

नारकरांनी शाल आणखी आवळली. "त्याचं ठीक आहे. भंगाराला रॉकेल काय आणि समुद्राचं पाणी काय. ह्याला कोणी हात लावायचा नाही."

"परीक्षा माझी आहे."

"परीक्षा तुझी असली तरी यंत्र संस्थेचं आहे."

परीक्षेच्या दारापर्यंत त्यांनी ते स्वतः नेले आणि तिथे शाल काढून घेतली.

घंटा झाली. नारकर बाहेर बाकावर टाय नीट करून, डोळे मिटून ऐकत बसले. आतून खडखडाट येत होता. त्यांत एक आवाज त्यांच्या ओळखीचा होता, रॉयल रिपब्लिकचा. तो मालनचाच, यात त्यांना शंका नव्हती. त्यांनी मांडीवर तालही धरला.

आत मालनने पहिला शब्द टाइप केला आणि दांड्या वर गेल्या त्या तिथेच राहिल्या, उत्तर येत नसलेल्या पोरांनी उगीच हात वर करावेत तशा. ती एकेक दांडी बोटाने खाली दाबी. दुसरी उभी राही. दहा मिनिटांत अकरा शब्द झाले. परीक्षकांनी येऊन दांडीला बोट लावले, ते नाकापाशी नेले आणि तिच्याकडे पाहिले.

"काय ओ बाई, मशीनची वेणी घालायची हुती काय?"

"मास्तरांना विचारा," मालन म्हणाली. "बाहेर टाय लावून बसलेत."

जमाल पास झाला, मिनिटाला बेचाळीस शब्द. नारकरांनी माडीच्या दारावर खडूने लिहिले: 'कोल्हापूर केंद्र, निकाल पन्नास टक्के.' मालन जिना चढून आली, ते वाचून म्हणाली, "उरलेले पन्नास टक्के खाली नाव घालून लिहा. लोकांना कळू दे कोण ते." नारकरांनी हवेला दोष दिला. ट्रेझरीतली जागा चिपळूणच्या कोणाला तरी मिळाली.

त्या हवेसंबंधी खात्याला अर्ज करावा, असे मे महिन्यात नारकरांनी ठरवले. परीक्षा रत्नागिरीत घ्यावी, कोल्हापूरचे हवामान विद्येला अपायकारक आहे, असा मजकूर त्यांनी मराठीत सांगितला. तो इंग्रजीत करून टाइप करण्याचे काम मालनवर आले, कारण दुसऱ्या कोणाला येत नव्हते. तेच मशीन उकाड्यात पाण्यासारखे चालले. मालनची बोटे सहज पंचेचाळीसच्या वेगाने पळत होती. हवामानाचे सगळे लिहून झाल्यावर तिने खाली दोन वाक्ये मनची घातली. आमचे प्रिन्सिपल यंत्रांना डोक्याचे खोबरेल लावतात व ते थंडीत थिजते. तरी एकतर परीक्षा उष्ण गावी घ्यावी, नाहीतर प्रिन्सिपलांना यंत्राचे तेल ओळखायला शिकवावे.

"वाचून बघता?" तिने विचारले.

"विद्यार्थ्यानं टाइप केलेलं तपासणं म्हणजे स्वतःच्या शिकवण्यावर अविश्वास," असे म्हणून नारकरांनी सही केली. सही त्यांची फार वळणदार होती. इंग्रजी त्यांना शब्दाशब्दाने येई. वाक्यापर्यंत जायची पाकिटांवर कधी गरज पडली नव्हती.

पावसाळ्यात उत्तर आले, इंग्रजीत आणि शिक्क्यासह. तुमच्या संस्थेची मान्यता चालू ठेवण्यात येत आहे. मात्र केसांना लावण्याचे तेल यापुढे यंत्रांना लावू नये, आणि उमेदवारांच्या नुकसानीची पुनरावृत्ती झाल्यास प्रिन्सिपल म्हणवणाऱ्या इसमास जबाबदार धरले जाईल. यातले 'मान्यता', 'चालू' आणि 'प्रिन्सिपल' एवढे तीन शब्द नारकरांना ओळखीचे निघाले. तीनही आपल्या बाजूचे. त्यांनी पत्राला काचेची चौकट करून घेतली आणि ते दाराशी टांगले.

रत्नागिरीत इंग्रजी वाचणारे त्या काळी मोजकेच. महिन्याभरात ते बहुतेक सगळे तो जिना चढून गेले. प्रवेशाची चौकशी वाढली, असे नारकर घरी सांगत. मालनने येत्या डिसेंबरसाठी पुन्हा नाव घातले आणि जमालने मामूकडून यंत्राच्या तेलाची बाटली आणून तिच्या हाती दिली. ती तिने चौकटीखालीच ठेवली.

वाचनालयाच्या पुढच्या सभेत नारकरांना खुर्ची होतीच. या खेपेस तिच्या पाठीवर कोणीतरी जुने फडके नीट घडी करून टाकले होते, डोक्याचे तेल लाकडाला लागू नये म्हणून. नारकरांनी सभेत इकडेतिकडे पाहिले. दुसऱ्या कोणाच्याच खुर्चीवर फडके नव्हते. ते सावकाश बसले आणि मान मागे टेकली.