विकत आणलेले पणजोबा

नव्या नवरीच्या दिमाखात मी एकदा बाजारातलं जुनं चित्र माझे पणजोबा म्हणून भिंतीवर टांगलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी गिरगाव दणाणत होतं, आणि मला काळजी होती ती सासरी आपलं माहेर खानदानी कसं वाटेल याची.

चित्र घेतलं ते ठाकूरद्वारला, जुनं सामान विकणाऱ्या एकाकडून. पगडी, भरघोस मिशा, कमरेला तलवार. विकणारा बोलायचा कमी. काचेवर हाः करायचा, खांद्यावरच्या पंच्याने पुसायचा आणि गिऱ्हाइकाचा चेहरा न्याहाळत बसायचा. छापील चित्राच्या ढीगभर प्रती निघतात, हे काही माझ्या टाळक्यात आलं नाही.

महिन्याभराने तो फेरीवर आमच्याच चाळीत आला. सासूबाईंपुढे त्याने पोतडी उघडली, तर वरच तीच पगडी, त्याच मिशा.

“अगं बाई, हे तर तुमच्या सुनेचे पणजोबा,” शेजारच्या काकू सासूबाईंना म्हणाल्या.

त्याने काचेवर हाः केलं, सावकाश पुसलं, आमच्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसला मात्र नाही.

“घेऊन टाका, वहिनी,” तो म्हणाला. “घरचं माणूस असं दारोदार फिरलेलं बरं दिसत नाही.”