थोराच्या पोस्टाची हद्द

सेज क्रीकच्या पोस्टाची किल्ली थोरा लिंडवालच्या हाती आली, तेव्हा तिनं सगळ्यात आधी भिंतीवरचं बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर काढलं. त्यामागे एक सरकारी सूचना लटकत होती. पोस्टाच्या आवारात बंदूक आणायची नाही. उघडी नाही, लपवून नाही, बाहेर उभ्या केलेल्या गाडीतसुद्धा नाही. आधीच्या पोस्टमास्तरांनी ती वर्षानुवर्षं झाकून ठेवली होती. अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या कोपऱ्यात कमरेचं पिस्तूल आणि गाडीतली रायफल म्हणजे टोपी-बुटांसारखीच गोष्ट. कोण कुणाला हटकणार? थोरानं सूचनेवरची धूळ पुसली आणि ती दाराच्या काचेवर लावून टाकली.

तिला बंदुकीचं वावडं होतं असं मुळीच नाही. आई लवकर गेली, आणि बापानं, आर्ने लिंडवालनं, पोरीला वाढवताना स्वयंपाक सोडून सगळं शिकवलं. कुंपण ठोकायला, वासरू ओढून काढायला आणि नेम धरायला. जिल्ह्याच्या नेमबाजीत तिनं भल्याभल्यांना मागे टाकून पटकावलेला चषक समोरच्या वेंडेलच्या खाद्य-बियाण्याच्या दुकानात अजून मांडलेला होता. म्हणून तर लोकांना जास्तच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून पहिला आत आला तो आर्नेच. कमरेला त्याचं जुनं रिव्हॉल्वर. मागे टपाल न्यायला आलेली चार माणसं. गावात घरोघरी टपाल जात नसे, त्यामुळे पोस्टात येणं कुणाला चुकत नव्हतं.

"बाबा, ते बाहेर ठेवून या," थोरा खिडकीतून म्हणाली.

"काय ते?"

"कमरेचं."

आर्नेनं मागे वळून पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाला सांगत होती. "अगं, मी तुझा बाप आहे."

"म्हणूनच सगळ्यांआधी तुम्हाला सांगतेय."

"हा नियम कुणी केला? वॉशिंग्टनमध्ये खुर्च्या उबवणाऱ्यांनी. तुला तरी पटतो का?"

"हात वर करून नियम पाळायची शपथ घेतलीय मी, बाबा. त्यातले कुठले नियम आवडतात, ते काही त्यांनी मला विचारलं नव्हतं."

आर्नेचे कान लाल झाले. टपाल न घेताच तो चालता झाला. पण मागच्या चौघांनी ते पाहिलं होतं. जी बापाला सोडत नाही ती आपल्याला काय सोडणार, हे ओळखून ते मुकाट्यानं रस्ता ओलांडून वेंडेलकडे बंदुका ठेवायला गेले. पुढे वेंडेलनं गल्ल्यामागच्या भिंतीवर खिळेच ठोकले. गाड्या त्याच्या दारात, पट्टे त्याच्या खिळ्यांवर, आणि मग माणसं पोस्टात. वरून टोमणे होतेच. "पोस्टमास्तरीणबाई, चाकूनं सफरचंद कापलं तर चालेल ना?" असं कुणीतरी रोज विचारायचं.

आर्ने मात्र त्या हिवाळ्यात पोस्टाची पायरी चढला नाही. त्याचं टपाल शेजारीण मिसेस ओल्सगार्ड घेऊन जाई. रविवारी थोरा त्याच्याकडे जेवायला जायची. तो मांस कापून तिच्या ताटात वाढायचा, बर्फाबद्दल बोलायचा, गुरांबद्दल बोलायचा. पोस्टाचं नाव काढायचा नाही. पण सोमवारी दार उघडताना ती काचेवरची सूचना सरळ आहे ना, हे बघायचीच.

वसंतात टपालानं कोंबडीची पिल्लं येतात. भोकं पाडलेल्या खोक्यांतून नुसता चिवचिवाट. त्या सकाळी मागच्या, टपाल उतरवायच्या फलाटालगतच्या खोलीत अशा खोक्यांची रास लागली होती आणि निम्मं गाव ती न्यायला जमलं होतं. तेवढ्यात काचेशी उभी असलेली मिसेस ओल्सगार्ड कापऱ्या आवाजात म्हणाली, "अगं बाई, थोरा..."

वेंडेलच्या कोठारापाशी सांडलेले दाणे खायला डोंगरावरून उतरलेलं एक थोराड ग्रिझली अस्वल रस्ता ओलांडून सरळ पोस्टाच्या अंगणात आलं होतं. पिल्लांचा वास त्याला लागला असावा. नाक वर करून ते काचेकडे येऊ लागलं. आत सगळे पट्टीचे शिकारी, आणि सगळ्यांच्या बंदुका रस्त्यापलीकडे खिळ्यांवर!

"आता वाच ना त्याला तुझी सूचना!" कुणीतरी खेकसलं.

"त्याच्याकडे बंदूक कुठाय?" थोरा म्हणाली. "ते नियमातच बसतं."

भेदरलेल्या माणसांनाही हसू फुटलं. तेवढ्यात तिनं दाराची कडी घातली, सगळ्यांना मागे घेतलं आणि टपालाची लोखंडी पिंजरागाडी ओढली. "लाथा घाला हिला! टपालपेट्यांची दारं आपटा! ओरडा!" स्वतः ती खिडकीचं लोखंडी शटर धाडधाड वरखाली करू लागली. असा कल्लोळ त्या पोस्टानं कधी ऐकला नव्हता.

रस्त्यापलीकडे वेंडेलच्या दुकानातून आर्ने रायफल घेऊन धावत बाहेर आला होता. वेंडेलनंही नेम धरला होता. आर्नेनं त्याची नळी हातानं खाली दाबली. "काचेमागे माणसं आहेत, गाढवा! माझी पोर आहे!"

अस्वल काचेपुढे क्षणभर थबकलं. मग त्या गदारोळाला वैतागल्यासारखं फुत्कारलं, वळलं आणि ओढ्याच्या दिशेनं पळत सुटलं.

आर्ने तसाच पोस्टाकडे धावला. काचेतून थोरा बघत होती. म्हातारा रस्ता ओलांडून अंगणाच्या कडेपर्यंत आला आणि तिथं थांबला. धाप लागलेली, डोळे तिच्यावर खिळलेले. हातातल्या रायफलकडे त्यानं पाहिलं. मग मागून येणाऱ्या वेंडेलच्या हातात ती दिली, कमरेचा पट्टा रिव्हॉल्वरसकट सोडून त्याच्या खांद्यावर टाकला आणि मगच अंगणात पाऊल ठेवलं. पट्टा गेल्यानं पँट घसरत होती, ती एका हातानं धरून तो आत आला.

कुणी हसलं नाही. थोरानं कडी काढली होती. त्यानं तिला जवळ ओढलं, आणि तिच्या डोक्यावरून सगळ्यांकडे पाहत म्हणाला, "बघितलंत? एक गोळी न झाडता! हिला मी शिकवलंय."

"शटर आपटायला?" मिसेस ओल्सगार्डनं विचारलं.

"न घाबरायला," आर्ने म्हणाला. "ते मात्र हिला आधीपासूनच येत होतं म्हणा."

आपल्या पोस्टाच्या मधोमध, आपल्या बापाच्या मिठीत उभं राहताना थोराला त्या चषकाच्या दिवसापेक्षा आपण जास्त उंच झाल्यासारखं वाटलं.

पुढे पुष्कळ वर्षं ती पोस्टमास्तर राहिली. वेंडेलच्या मुलानं दुकान नव्यानं बांधलं तेव्हा खिळ्यांच्या जागी चांगली लाकडी फळी बसवली. नवखा कुणी पिस्तूल लावून पोस्टाकडे निघाला, की थोराला उठावंच लागत नसे. रस्त्यातलीच माणसं त्याला हटकायची. "अहो पाहुणे, आधी समोर जाऊन या," गावकरी म्हणायचे. "हे थोराचं पोस्ट आहे." "आमचं पोस्ट" म्हणावं तशाच तोऱ्यात ते हे म्हणायचे. अस्वल आलं त्या दिवशी मात्र एवढंच झालं, की सगळे शांत झाल्यावर थोरानं खोकी वाटायला घेतली, आणि आर्ने एका हातानं पँट सावरत दुसऱ्या हातानं ती पुढे सरकवू लागला.