नोराचा आवाज

“डॉक्टर, काहीतरी इंजेक्शन द्या. संध्याकाळी पुण्याला कार्यक्रम आहे,” सबनीस म्हणाले. ते कार्यक्रमाचे आयोजक. शेजारच्या खुर्चीत एक उंच अमेरिकन बाई गिटार मांडीवर धरून बसली होती. नाव नोरा. लोकगीतांच्या चालीवर स्वतः गाणी रचून गायची. मुंबईहून मोटारीनं निघाल्यावर पनवेल यायच्या आत तिचा आवाज गेला, म्हणून रस्त्यावरची पाटी बघून ते माझ्या दवाखान्यात शिरले होते. साठच्या दशकातली गोष्ट. पनवेलमध्ये कान-नाक-घसा शिकलेली मी एकटीच.

मी घशात लांब दांडीचा छोटा आरसा घालून पाहिलं. आपला आवाज दोन पातळ पट्ट्यांच्या थरथरण्यातून निघतो. त्यांना व्होकल कॉर्ड म्हणतात. त्या पांढऱ्या असतात. नोराची एक लालभडक होती. आत रक्त साकळलं होतं.

“आज गाणं नाही,” मी इंग्रजीत सांगितलं.

“तिकिटं विकली गेलीत हो!” सबनीस म्हणाले.

“सूज उतरवणारं इंजेक्शन माझ्याकडे आहे. तासाभरात आवाज सुटेल. मग ही गाईल आणि कॉर्ड कायमची खराब होईल. म्हणून ते मी देणार नाही.”

नोरा उठून उभी राहिली. घोगऱ्या कुजबुजीत ती बोलू लागली. वडील कोळशाच्या खाणीत. त्यांच्या छातीत धूळ भरली, त्यावर तिनं पहिलं गाणं रचलं. पुढे संपकऱ्यांसाठी गायली, तेव्हा रेडिओवाल्यांनी दारं लावून घेतली. कित्येक वर्षं चर्चच्या तळघरांत, शाळांच्या वर्गांत गात राहिली. आता कुठे परदेशातून बोलावणं आलं होतं.

“इतक्या लोकांनी माझं तोंड बंद करून पाहिलं,” ती म्हणाली, “आता तुम्हीही?”

मी तिच्या हातात दुसरा आरसा दिला, माझा आरसा पुन्हा तिच्या घशात धरला आणि दिवा नीट केला. तिला स्वतःची कॉर्ड दिसली. बराच वेळ ती बघत राहिली. मग गिटार भिंतीला टेकवून मटकन खाली बसली. डोळे भरले होते. हातानंच तिनं विचारलं, किती दिवस?

“दोन-तीन आठवडे. एक शब्दही नाही.”

सबनीस चिडून पुण्याला निघून गेले, कार्यक्रम पुढे ढकलायला. नोरा आमच्या घरी, दवाखान्याच्या माडीवर राहिली. रोज व्हरांड्यात बसून गिटार वाजवायची. मिठागरातल्या बायका आजारी पोरांना मला दाखवायला यायच्या. त्यांच्यातल्या बारकूबाईनं मला विचारलं, “ही बाय मुकी हाय का?”

“मुकी नाही. आवाजाचा उपास आहे तिचा.”

“मंग तिच्या वाटचं आमी गातो,” म्हणत बारकूबाईनं लग्नातलं एक गाणं सुरू केलं. नोरानं डोळे मिटून गिटारवर सूर शोधले आणि तिला साथ दिली. नंतर बायका औषध नको असलं तरी यायला लागल्या.

मधेच कॉर्ड पुन्हा लाल दिसली. खोदून विचारल्यावर कळलं, नोराबाई रात्री पांघरुणात तोंड घालून कुजबुजत नवं गाणं बसवत होत्या. कुजबुजताना घशावर बोलण्यापेक्षा जास्त ताण येऊ शकतो, हे मी सांगितलंच नव्हतं. मुक्काम आठवड्यानं वाढला. ती माझ्यावर रागावली, मी तिच्यावर. पण त्यानंतर ती खरोखर गप्प राहिली.

शेवटी आरशात कॉर्ड पांढरी दिसली. पुण्याचा कार्यक्रम झाला. मी पहिल्या रांगेत बसले होते. वरचा एक सूर मात्र त्या दुखण्यात तिचा कायमचा गेला होता. तिनं सगळी गाणी खालच्या पट्टीत घेतली आणि पुढे अनेक वर्षं गात राहिली.

तेव्हापासून आवाज बसलेल्या पेशंटला मी “बोलू नका” एवढ्यावर सोडत नाही. “कुजबुजूही नका” हे दोनदा सांगते. पेशंट गाणारा असेल तर तिसऱ्यांदा घरच्यांना सांगते.