रुखवतातला डबा
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की बेहाला उपनगरातलं आमचं भाड्याचं घर आठवतं. बाबांनी घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता, पण त्यासाठी हावड्यात पाहिलेली एकही पेटी त्यांना पसंत पडेना. शेवटी त्यांनी आईच्या रुखवतातला, तिचं माहेरचं नाव कोरलेला स्टीलचा चौकोनी डबा घेतला, बटणांसाठी भोकं पाडली आणि नावाची बाजू भिंतीकडे केली. चकल्या भरायला डबा शोधत आलेल्या आईने तो फिरवून पाहिला. मग म्हणाली, "अहो, भोकं पाडलीतच, तर निदान माझं नाव तरी पुढे घ्या!" बाबांनी नावाच्या बाजूला नवी भोकं पाडली. आता दोघंही नाहीत, अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आहे. आवाज वाढवायला हात गेला की आधी बोटांना ते नाव लागतं, ज्या नावाने आमच्या घरात तिला कुणी कधी हाकच मारली नव्हती.