जिन्यात बसलेल्या सासूबाई

परळची खोली विकून आम्ही मुंबईबाहेर शांती नगरला राहायला आलो, त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. एक खोली, स्वयंपाकघर आणि त्यात नवरा, मी, पोरगी नि सासूबाई. एका दुपारी कॉलेजची एक मुलगी आली, एम.ए. करणारी. मुंबईतून इकडे आलेल्या सुनांवर तिचा अभ्यास चालला होता. घरात कोणाचं चालतं, खर्च कोण ठरवतं, असले प्रश्न. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई उत्तर देऊन मोकळ्या. "हिला कसला त्रास? राणीसारखी राहतेय!" मुलगी बिचारी लिहून घेऊन गेली.

महिन्याभरात ती पुन्हा दारात, चेहरा एवढासा करून. माणसांना प्रश्न विचारून अभ्यास करायचा तर कॉलेजातली एक समिती तपासते म्हणे, कोणाला त्रास होत नाही ना, कोणावर दडपण नाही ना. त्यांनी तिचं काम परत पाठवलं होतं. ही उत्तरं सुनेची नाहीत, सासूची आहेत. बाईला एकटीला विचारा, ऐकायला तिसरं कोणी नको.

"ताई, नाहीतर माझं वर्ष जाईल हो," ती रडवेली झाली.

आता आमच्या घरात एकटं बसायचं कुठे? स्वयंपाकघराला दारच नव्हतं. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू! ज्यांनी मला कधी बघितलंही नाही त्यांनी बजावलं होतं की हिचं ऐका. सासूबाईंनी आम्हा दोघींकडे बघितलं. "मी बसते बाहेर. पोरीचं नुकसान नको," म्हणाल्या आणि चपला घातल्या. दार मी लावलं.

मग काय, सुटलेच मी. साखरेचा डबा लपवतात, नवरा आला की माझ्या चहाड्या सांगतात, सगळं सगळं ओकले. घरात एक गोष्ट बदलता आली तर काय बदलाल, असं मुलीनं विचारलं. "सासूबाईंना दिरांकडे पाठवेन. कायमचं." बोलून इतकं मोकळं वाटलं, काय सांगू.

तेवढ्यात जिन्यातून समोरच्या गुजराती बेनचा आवाज आला. "मासी, इधर सीढ़ी पे क्यूँ बैठे हो? बहू ने निकाल दिया क्या?"

"अरे नहीं रे बाबा!" सासूबाई हसल्या. "पंखा बिगड़ गया ना, अंदर गरम होता है. और भाजीवाला आएगा, उसका राह देखती."

बेन घरात या म्हणत होती, त्या गेल्या नाहीत. सुनेनं बाहेर काढलं म्हणून बिल्डिंगभर माझं नाव खराब झालं असतं ना. त्यांचा शब्दन्‌शब्द मला दारातून स्पष्ट ऐकू येत होता. म्हणजे माझाही त्यांना आलाच असणार. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

"ते शेवटचं खोड गं," मी पुटपुटले.

"खोडते ताई. तुमचा हक्कच आहे, कारणसुद्धा सांगायला नको," ती म्हणाली आणि तिनं खोडलं. बाहेर ऐकलेलं कोण खोडणार होतं?

मी दार उघडलं. गुडघ्यावर हात टेकत सासूबाई आत आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मुलीला म्हणाल्या, "मलाही विचार ना काहीतरी. ही बसेल बाहेर."

मुलगी ओशाळली. "आजी, समितीनं फक्त सुनांना विचारायची परवानगी दिलीय. तुमच्यासाठी परत अर्ज करावा लागेल."

"अगंबाई! मला विचारायलासुद्धा परवानगी लागते?" त्या हसल्या आणि आधण ठेवायला गेल्या.

त्यांना विचारायला मला तर कोणाचीच परवानगी लागणार नव्हती. मुलगी गेल्यावर संध्याकाळपर्यंत आम्ही दोघीच घरात होतो. पुढे त्या शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिल्या. तरी मी कधी विचारलं नाही, की आई, तुम्हाला काय सांगायचं होतं? लाज वाटायची. आणि भीतीही वाटायची, त्यांनी खरंच सांगितलं असतं तर.