वनिताचा सोळावा फेरा

बारा वर्षांपूर्वीचा डिसेंबर, शनिवार, सकाळचे साडेदहा. अंतर तीन हजार मीटर — म्हणजे दोनशे मीटरच्या मैदानाचे पंधरा फेरे. धावणाऱ्या मुली सात. रेषेवर शाळेचे पीटी सर, बाकावर मी, माझ्या मागे पंचवीस-तीस बघे. एवढे लोक हजर होते, आणि तरी त्या दिवशी काय झालं ते मी गेल्या महिन्यापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आमच्या घरात वीजबिलापासून व्याह्यांच्या स्वभावापर्यंत सगळं बोललं जातं, पण हे नाही.

मी कोण ते आधी सांगतो. नवेगाव बांधला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, थोडी धानाची शेती आहे. मला आकड्यांचा नाद आहे. दरवर्षी शाळांच्या मैदानी स्पर्धा जवळ आल्या की मी एका साप्ताहिकासाठी ‘यंदाचे दावेदार’ लिहितो. आधीच्या वर्षीचे निकाल, शाळाशाळांतून मागवलेल्या वेळा, लांब उडीचे सेंटिमीटर — सगळं मांडून प्रत्येक प्रकारात तीन नावं काढायची. आमगावचा कोणता पोरगा गोळा किती लांब टाकतो, आणि शंभर मीटरमध्ये कोण सुरुवात चांगली करून शेवटी मान मागे टाकतो, हे मला पाठ असतं. कोणी पैसे देत नाही. पण पीटी सर लोक ते कात्रण शाळेच्या फळ्यावर लावतात. एखाद्या पोराचं नाव आलं की त्याचा बाप दुकानात येऊन गरज नसलेली वही घेऊन जातो. यात मला सुख आहे, खोटं कशाला सांगू? माझ्या तीनपैकी दोन नावं तरी खरी निघतात, असा लौकिक होता. त्या लौकिकाची ही गोष्ट आहे.

लांब धावेत फेरे मोजणं हे कटकटीचं काम. मैदान लहान, चार-पाच फेऱ्यांनंतर पुढची कोण आणि मागची कोण हे डोळ्यांना कळत नाही. पुढची मुलगी मागचीला गाठून एक पूर्ण फेरा वरचढ झाली, तरी पाहणाऱ्याला वाटतं, आत्ता कुठे बरोबरीला आली. म्हणून मी एक पद्धत काढली होती. बाकावर प्रत्येक मुलीच्या नंबरची एक स्टीलची वाटी, वाटीत पंधरा चिंचोके. मुलगी रेषेवरून गेली की एक चिंचोका काढायचा आणि वहीत तिची वेळ लिहायची. वाटीत एक उरला की घंटा — शेवटचा फेरा. वाटी रिकामी झाली की शर्यत संपली. लोक हसायचे. ‘दुकानदार आले वाट्या घेऊन,’ म्हणायचे. पण तालुक्यात दुसऱ्या कोणाच्या मोजणीवर भांडण झालं नाही असं वर्ष नव्हतं, आणि माझ्यावर कधी झालं नव्हतं.

त्या वर्षी तीन हजारात मी प्रणालीचं नाव पहिलं दिलं होतं. मोठ्या शाळेतली मुलगी, पायात चांगले बूट, मागच्या वर्षीची वेळ माझ्याकडे लिहिलेली. दुसरं-तिसरं नावही ठरलेलं. वनिताचं नाव यादीत नव्हतं. बांधाच्या, म्हणजे आमच्या तलावाच्या, पलीकडच्या वस्तीतली, मासे धरणाऱ्या ढिवराची मुलगी. तिच्या शाळेने वेळा कळवल्याच नव्हत्या. ती अनवाणी उभी राहिली तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

शर्यत सुरू झाली. दहाव्या फेऱ्यापर्यंत सगळ्या मैदानभर पसरल्या. आता इथे थोडं थांबतो — कारण इथपर्यंत माझी चूक नव्हती. इथपर्यंत मी प्रत्येक चिंचोका बरोबर काढला होता.

वनिता रेषेवरून गेली, मी तिचा एक चिंचोका काढला, आणि पाहिलं — तिच्या वाटीत एकच उरला होता. प्रणालीच्या वाटीत अजून दोन होते. म्हणजे घंटा वनितासाठी वाजवायची होती. माझा हात घंटेवर होता. मी वाजवली नाही.

का नाही? मला वाटलं, चुकलं असेल. कोणाचं? माझं? मी तर कधी चुकत नाही. मग वाटीचं चुकलं असेल. यादीत नसलेली, अनवाणी मुलगी प्रणालीच्या एक फेरा पुढे कशी असेल? माझ्या वहीत तिच्या चौदा वेळा लिहिलेल्या होत्या, माझ्याच हातच्या. खाली मान घालून मोजल्या असत्या तर दहा सेकंद लागले असते. माझ्याकडे पंचेचाळीस सेकंद होते, ती एका फेऱ्याला तेवढेच घेत होती. मी मान खाली घातली नाही. मला मोजायचंच नव्हतं — हे आज लिहिताना कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. काढलेल्या चिंचोक्यांच्या ढिगातून मी एक उचलला आणि तिच्या वाटीत परत टाकला.

मी चुकलो, असं म्हणता येणार नाही. चूक नकळत होते. हे मी केलं.

शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात वनिताने प्रणालीला गाठून मागे टाकलं. दोघी रेषेवर जवळजवळ बरोबर आल्या आणि मी घंटा वाजवली. प्रणाली पुढे गेली. वनिता थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, मग बाकाजवळ आली.

“सर, माहे पंधरा झाले.”

“एक बाकी आहे. धाव.”

तिने वाटीत पाहिलं. वाटीत एक चिंचोका होता. त्याच्याशी वाद घालण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. ती वळली आणि पुन्हा धावायला लागली — पण एकदा थांबलेले पाय तुम्हाला माहीत आहेत. तो फेरा तिने कसाबसा पूर्ण केला. प्रणाली पहिली आली, बारा मिनिटं दहा सेकंद. दुसरी एक मुलगी बारा पंचवीसला आली. वनिता बारा चाळीसला, तिसरी. जिल्ह्याला पहिल्या दोघी जातात.

घरी गेल्यावर, जेवणाआधी, मी वही उघडली. वनिताच्या नावापुढे सोळा वेळा होत्या. पंधरावी होती अकरा मिनिटं वीस सेकंद. माझ्या तालुक्यात त्या अंतराला तेवढी कमी वेळ मी तोवर कधी लिहिली नव्हती. जिल्ह्यासाठी निवडलेल्या मुलींची यादी सोमवारी गोंदियाला जाणार होती. मध्ये रविवारचा आख्खा दिवस होता. पीटी सरांचं घर माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर.

रविवारी मी काय केलं? दुकान उघडलं. दुपारी मुलीला भूमिती शिकवली. संध्याकाळी जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी ‘दावेदार’ लिहायला बसलो, आणि तीन हजार मीटरमध्ये आमच्या तालुक्यातून प्रणालीचं नाव दिलं. चांगलं लिहिलं होतं ते. संपादकांनी फोन करून सांगितलं.

जिल्ह्याला प्रणाली चौथी आली. आमच्या तालुक्याची दुसरी मुलगी सहावी. तिथली पहिली अकरा एकतीसला आली — वनिताने त्या थंडीत, अनवाणी घेतलेल्या वेळेपेक्षा अकरा सेकंद उशिरा. हेही मी वहीत लिहून ठेवलं. दोन्ही मुलींचा यात दोष नाही, त्या आपापल्या ताकदीने धावल्या. वनिता त्यानंतर धावली नाही. मी दोन वर्षं तिचं नाव निकालांत शोधलं, मग सोडून दिलं.

तुम्हाला वाटेल, या गोष्टीने मला बारा वर्षं झोपू दिलं नाही. तसं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आज खोटं लिहायचं नाही. मी झोपलो. चांगला झोपलो. मुलगी शिकली, नोकरीला लागली. दुकानात झेरॉक्सचं मशीन आलं. धान बऱ्यापैकी झालं. माणूस म्हणून मी सुखात आहे. थंडीत अंगणात बसून निकालांचे कागद लावताना मला आजही बरं वाटतं. मधूनमधून आठवण यायची — एखाद्याकडून उसनी आणलेली छत्री कोपऱ्यात दिसावी तशी. दिसायची, मी नजर फिरवायचो.

आणि वनिता मला भेटतही होती. तिचं लग्न कोहमाऱ्याला झालं. चौकाजवळ नवऱ्याबरोबर तिने ढाबा टाकला, बांधाची मासोळी तिथे चांगली मिळते. गोंदियाहून दुकानाचा माल आणताना मी तिथे जेवायला उतरतो, सात-आठ वर्षं झाली. ती ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडते आणि माझ्याशी मायेने बोलते. तिची आईही तिच्याकडेच असते.

गेल्या महिन्यात यंदाची यादी करायला बसलो. एका लहान शाळेने नववीतल्या मुलीची वेळ पाठवली होती. मी ती वाचली आणि सवयीने बाजूला लिहिलं — ‘शंकास्पद’. लिहून झाल्यावर पेन तसंच हातात राहिलं. कोणत्या आधारावर शंकास्पद? मुलीला मी पाहिलं नव्हतं. मैदान मोजलं नव्हतं. शाळेचं नाव ऐकलेलं नव्हतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेत गेलो, टेप लावून मैदान मोजलं, मुलीला धावताना पाहिलं. वेळ खरी होती. तिचं नाव यादीत गेलं. आणि परतताना माझी गाडी कोहमाऱ्याला थांबली.

दुपारचे तीन वाजले होते, गिऱ्हाईक नव्हतं. मी आधी जेवलो — हेही सांगायला हवं, की मी आधी जेवलो. मग वनिता तव्यावर मासोळी परतत होती तिथे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चिंचोका मी टाकला, हे सांगितलं. वहीत सोळा वेळा होत्या, हे सांगितलं. ती परतत राहिली.

“माहा टाइम का आला होता?” तिने विचारलं.

“अकरा वीस.”

“आन् गोंदियाले पयली आली तिचा?”

सांगू नये असं क्षणभर वाटलं. पण आकडा लपवूनच तर हे सगळं झालं होतं. सांगितलं. एक मासोळी एका बाजूने करपली, ती तिने कडेला काढून ठेवली.

“माही आई तुमच्या मांगंच उभी होती, सर,” ती म्हणाली. “बोटाच्या पेरावर मोजून राहिली होती. घरी गेल्यावर मले म्हणे, पंधरा झाले होते. मी तिच्यावर चिडली. म्हटलं, तुले का समजते, सर पेनानं लिहून राहिले होते. मायलेकी आमी आठ दिवस बोललो नाई.” मग हातातल्या उलथन्याने मागच्या दाराकडे दाखवलं. “मले नोका सांगू. तिले सांगा.”

मागे पडवीत तिची आई लसूण सोलत बसली होती. मी समोर खाली बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती, मध्ये एकदाही थांबवलं नाही.

“तुमी टाकला तो मी पाह्यला होता,” ती म्हणाली. “मले वाटलं, असंच रायते असन. शिकल्या माणसाचं काम.”

मग तिने मान वळवून आत हाक दिली — रागाने नाही, बारा वर्षं थांबलेला निरोप पोचवावा तशी.

“वनिते, आयकलं का? पंधराच होते.”

थोड्या वेळाने वनिता दारात आली, आईकडे पाहून हसली, आणि हसता हसता पदराने तोंड पुसून परत गेली. म्हातारीने पुढची पाकळी सोलायला घेतली. मी उठलो.

खरा निकाल इथे लिहितो, म्हणजे कुठेतरी लिहिलेला राहील. तीन हजार मीटर, मुली: पहिली वनिता, अकरा मिनिटं वीस सेकंद. दुसरी प्रणाली, बारा दहा. साप्ताहिकालाही हाच कळवला आहे. प्रणालीला फोन केला, तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

आणि एक. सात-आठ वर्षांत वनिताने माझ्याकडून जेवणाचे पैसे कधी घेतले नव्हते. मी खिशात हात घातला की म्हणायची, सरांचे कायचे पैसे. त्या दिवशी निघताना मी हात घातला, तर ती काही म्हणाली नाही. जेवणाचे एकशे चाळीस रुपये झाले होते. ते मी वनिताच्या हातात दिले. तिने मोजून घेतले.